गोलासमोरचा एकटा माणूस



वाराणसीत हॉकीविषयी बोलायला जो कोणी उभा राहील, त्याच्याकडून श्रोत्यांची एक अपेक्षा असणार हे उघड आहे. त्याने महंमद शाहिद यांच्याविषयी बोलावे. ती अपेक्षा रास्तही आहे. १९६० साली या नगरीत जन्मलेला हा मुलगा वयाच्या विसाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात होता. चेंडू त्याच्या काठीशी आला की समोरच्या बचावपटूला नेमके कोणत्या अंगाला झुकावे हे कळेनासे होई. १९८६ साली ‘पद्मश्री’ मिळाल्यावर आणि मोठमोठ्या शहरांतून बोलावणी येत असतानाही शाहिद यांनी काशी सोडली नाही. रेल्वेची नोकरी आणि गंगेचा काठ त्यांना पुरेसा वाटला. २०१६ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा या गावाने आपल्या घरचे माणूस गेल्याचे दुःख केले. त्यांच्या अलीकडे-पलीकडे विवेक सिंग, राहुल सिंग हे बंधू होऊन गेले आणि टोकिओ व पॅरिस येथील कांस्यपदकविजेत्या संघांतील ललित उपाध्याय तर अगदी कालपरवाचे.

ही सारी मैदानभर धावणारी माणसे. आजचे व्याख्यान मात्र न धावणाऱ्या माणसाविषयी आहे. शाहिद जेव्हा समोरच्या गोलाकडे मुसंडी मारीत, तेव्हा त्यांच्या पाठीमागे, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पायांना जाड पॅड बांधलेला एक खेळाडू एकटाच उभा असे. प्रेक्षकांच्या नजरा त्या वेळी त्याच्याकडे नसत. त्या वळत, त्या फक्त संकटाच्या वेळी. त्या खेळाडूंपैकी एकाचे नाव मीर रंजन नेगी. शाहिद आणि नेगी एकाच संघातून एक सामना खेळले, एकाच संघातून तो हरले. त्या पराभवानंतर एकाला देशाने पुन्हा जवळ केले आणि दुसऱ्याला जवळजवळ वाळीत टाकले. हे असे का झाले आणि त्यानंतर त्या दुसऱ्या माणसाने काय केले, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम त्या जागेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. चेंडूचे वजन अवघे साडेपाच ते पावणेसहा औंस, पण तो टणक असतो, आणि चांगल्या फटक्याचा चेंडू डोळ्याला नीट दिसण्याच्या आत गोलाच्या फळीवर आदळतो. गोल करण्यासाठी चेंडू सोळा यार्ड त्रिज्येच्या वर्तुळातूनच मारावा लागतो, म्हणजे सर्वांत लांबचा फटकासुद्धा तसा जवळचाच असतो. पेनल्टी स्ट्रोक तर सात यार्डांवरून. एवढ्या अंतरावरून येणारा चेंडू पाहून मग हालचाल करू, असे म्हणणारा गोलरक्षक कधीच वेळेवर पोहोचत नाही. चेंडू निघण्यापूर्वीच त्याला काही ठरवावे लागते, आणि ठरवलेले चुकले तर ते दुरुस्त करण्याची संधी नसते.

आघाडीच्या खेळाडूने हातचा चेंडू दवडला तर प्रेक्षक हळहळतात आणि पुढच्या क्षणी विसरतात. मध्यरक्षकाचा पास चुकला तर तो त्याच्या लक्षात राहतो, फार तर प्रशिक्षकाच्या. गोलरक्षकाची चूक तेवढी आकड्यात मोजली जाते आणि फलकावर मांडली जाते. त्या चुकीच्या आधी दोन-तीन इतरांच्या चुका घडलेल्या असतात, त्यांची नोंद कोठेच होत नाही. हिशेबाची ही रीत अन्यायाची आहे. पण खेळ सुरू झाल्यापासून ती तशीच चालत आली आहे आणि गोलात उभा राहणारा प्रत्येक जण ती ठाऊक असूनच उभा राहतो.

या जागेवर उभे राहून अमर झालेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. शंकर लक्ष्मण हे मध्य भारतातील महूचे. ते १९४७ साली सैन्यात शिरले ते वाद्यवृंदात, आणि निवृत्त झाले ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कॅप्टन म्हणून. १९५६ चे मेलबर्न, १९६० चे रोम आणि १९६४ चे टोकिओ या तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारतासमोर पाकिस्तान होता आणि तिन्ही वेळा भारताच्या गोलात शंकर लक्ष्मण होते. मेलबर्नला भारत १-० ने जिंकला, रोमला ०-१ ने हरला, टोकिओला पुन्हा १-० ने जिंकला. तीन अंतिम सामन्यांत या गोलरक्षकाने एकच गोल होऊ दिला. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे देण्यात आले आणि पाकिस्तानला १-० असेच हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. गोलरक्षकाकडे कर्णधारपद देण्याची तोवर प्रथाच नव्हती. त्यांच्या काळात चेहऱ्यावर जाळी नसे आणि आजच्यासारखी छाती-खांद्यांना झाकणारी कवचेही नसत. हा माणूस २००६ साली महू येथे, पायाला झालेल्या गँगरीनने, हलाखीत वारला. ज्याने एकही चूक केली नाही असे म्हणावे, त्याच्या वाट्याला हे आले. मग ज्याच्या नावावर सात गोल लागले त्याचे काय झाले असेल याची कल्पना करता येईल.

नेगी यांचा जन्म कुमाऊँमधील अल्मोड्याचा. ते भारतीय संघात आले तेव्हा हॉकीचे रूपच पालटले होते. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिरवळीवर सामने झाले आणि सात सुवर्णपदके जिंकलेला, त्याआधी एकदाही रिकाम्या हाताने न परतलेला भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. गवतावर चेंडू अडखळतो, उसळतो, मंदावतो. कृत्रिम हिरवळीवर तो सरळ आणि सुसाट येतो. आपल्या मुलांना या हिरवळीचे दर्शन क्वचितच होई. सराव मातीवर किंवा गवतावर आणि परीक्षा हिरवळीवर, अशी ती अवस्था होती. गोलरक्षकाला तर याची झळ सर्वांहून अधिक. चेंडूच्या वेगाविषयी त्याच्या अंगात मुरलेले सगळे अंदाज एका रात्रीत निरुपयोगी ठरले होते. आणि गोलरक्षकासाठी वेगळा प्रशिक्षक असावा, ही कल्पना तर त्या वेळी आपल्याकडे रुजलेलीच नव्हती. संघाचा सराव चाले तेव्हा गोलरक्षकाचा उपयोग इतरांच्या फटक्यांसाठी लक्ष्य म्हणून होई. तो स्वतः काय शिकतो आहे हे पाहणारे कोणी नसे.

१९८२ साल उजाडले तेव्हा पाकिस्तानचा संघ जगात सर्वश्रेष्ठ होता. त्या जानेवारीत मुंबईला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरविले. यजमान भारत त्या स्पर्धेत पाचवा आला. समीउल्ला, कलीमुल्ला, हसन सरदार, हनीफ खान अशी ती आघाडीची फळी होती. जाणत्या मंडळींच्या मते इतकी देखणी आणि इतकी धारदार फळी पाकिस्तानला पुन्हा लाभली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. राजधानीने कात टाकली. नवे उड्डाणपूल झाले, नवी क्रीडागृहे झाली आणि दूरदर्शनवर रंग अवतरले. १ डिसेंबर १९८२ रोजी नॅशनल स्टेडियमवर भारत आणि पाकिस्तान यांची अंतिम गाठ पडली. पंतप्रधान इंदिरा गांधी सामन्याला उपस्थित होत्या. मैदानात जेवढी माणसे होती त्यांच्या कित्येक पट अधिक माणसे गल्लोगल्लीच्या दूरचित्रवाणी संचांपुढे दाटीवाटीने बसली होती. रोमचा पराभव भारताने रेडिओवर ऐकला होता. हा पराभव तो डोळ्यांनी पाहणार होता.

आरंभ चांगला झाला. कर्णधार झफर इक्बाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि भारताने आघाडी घेतली. त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन करताना आजही जुने खेळाडू आवाज खाली घेतात. मध्यंतराला पाकिस्तान ३-१ ने पुढे होता. सामना संपला तेव्हा फलकावर ७-१ हा आकडा होता.

सात गोल कसे होतात? गोलरक्षक वाईट असला म्हणजे होतात, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच बहुतेकांना ते पुरेसे वाटले. पण त्या काळच्या खेळाची घडण ज्यांना ठाऊक आहे ते निराळे काही सांगतील. त्या वेळी हॉकीत ‘ऑफसाइड’चा नियम होता. बचावफळीने पुढे सरकायचे आणि प्रतिस्पर्ध्याला त्या नियमात पकडायचे, ही सर्वमान्य युक्ती होती. पिछाडीवर पडलेला संघ बरोबरी साधण्याच्या घाईत आणखी पुढे सरकतो. मागे मोकळे मैदान उरते. समीउल्ला-कलीमुल्लांसारखा वाऱ्याच्या वेगाचा खेळाडू एका लांब पासवर ती फळी भेदून निघाला की त्याच्या आणि गोलाच्या मध्ये फक्त एक माणूस शिल्लक राहतो. त्या माणसापुढे दोन मार्ग असतात. तो रेषेवर थांबला तर बारा फुटांचा सगळा गोल समोरच्याला उघडा दिसतो. तो पुढे धावून गेला तर कोन कापला जातो आणि गोल अरुंद दिसू लागतो, पण समोरच्याने एक हुलकावणी दिली की मागचा गोल साफ रिकामा. नेगी पुढे धावून जाणाऱ्या पंथाचे होते. त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा धावून गेले आणि पुन्हा पुन्हा एकटे सापडले. त्यांचे काही निर्णय चुकले असतील, किंबहुना चुकलेच. परंतु एकट्या गोलरक्षकावर इतक्या वेळा निर्णयाची पाळी यावी, हा दोष दहा जणांचा होता आणि त्या दहांत आपल्या काशीचे लाडके शाहिदही होते. अंतिम सामन्यात त्यांनाही पाकिस्तानचा बचाव पुन्हा भेदता आला नाही. तरी शाहिद यांना कोणी जाब विचारला नाही, आणि विचारू नये हेच योग्य होते. एका उत्तम संघाकडून एक बरा संघ हरला, असे म्हणून हा विषय तेथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही. काही दिवसांतच कुजबुज सुरू झाली. नेगी फितूर झाले, त्यांनी पैसे खाल्ले, गोलागणिक रक्कम मोजून घेतली, असल्या वावड्या उठल्या आणि छापल्याही गेल्या. पुरावा कोणीही पुढे केला नाही. कोणताही आरोप कधी सिद्ध झाला नाही. परंतु अफवेला पुरावा लागत नाही. तिला लागतो एक चेहरा, आणि दूरचित्रवाणीने तो चेहरा सात वेळा जवळून दाखविला होता. चेंडू जाळ्यात गेला आणि गोलरक्षक जमिनीवर पडला, हे चित्र देशाच्या मनात ठसले. त्याआधी मैदानाच्या मध्यावर कोणी चेंडू गमावला, हे चित्र कोणाच्याच मनात नव्हते. त्यातच पराभव पाकिस्तानकडून झालेला. दुसऱ्या कोणत्याही देशाने सात गोल केले असते तर नेगी अपयशी खेळाडू ठरले असते. येथे ते देशद्रोही ठरविले गेले. हरणे आणि फितूर होणे यांतील अंतर ओलांडायला आपल्या समाजाला एक संध्याकाळ पुरली.

नेगी मुंबईस सीमाशुल्क खात्यात नोकरी करीत. रस्त्यात कोणी ओळखावे आणि दोन अपशब्द बोलावेत, हे त्यांच्या नित्याचे झाले. भारतीय संघाच्या गोलातील त्यांचे दिवस संपले. खेळाडूची उमेद ज्या वयात ऐन भरात असते त्या वयात ते मैदानापासून दूर झाले. या पुढच्या सोळा वर्षांविषयी सांगण्यासारखे फार नाही, आणि जे आहे ते कोणाही चाकरमान्याच्या आयुष्यासारखे आहे. मुंबईसारख्या शहराचा एक गुण असा की ते माणसाला गर्दीत लपू देते.

येथे त्याच १९८२ च्या स्पर्धेतील एक विसरलेली गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या कथेशी तिचा संबंध आहे. त्या वर्षी आशियाई स्पर्धेत महिलांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता आणि त्यात भारताने सुवर्णपदक जिंकले होते. कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. त्याच दिल्लीत, त्याच दिवसांत आपल्या मुलींनी सोने आणले. पण पुरुषांच्या ७-१ च्या गदारोळात ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. पराभवाची आठवण ठेवणाऱ्या देशाने विजयाची आठवण ठेवण्याचे कष्ट घेतले नाहीत.

१९९८ साली भारतीय पुरुष संघाचे प्रशिक्षक होते महाराज कृष्ण कौशिक. तेही मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघातील, शाहिद यांचे सहकारी. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेची तयारी चालू होती आणि गोलरक्षकांना घडविण्यासाठी नेगी यांना बोलावण्यात आले. ज्या माणसाच्या नावाशी सात गोल जोडले गेले होते त्याच्या हाती भारताचा गोल सोपवायचा, हे पुष्कळांना विपरीत वाटले असेल. थोडा विचार केला तर यात विपरीत काही नाही. चांगला गोलरक्षक फटका कसा अडवावा हे शिकवू शकतो. पण फटका अडविता आला नाही, आता पुढच्या मिनिटाला काय करावे, हे शिकविण्याचा अधिकार ज्याचे अडविणे साऱ्या देशासमोर फसले आहे त्यालाच अधिक.

गोलरक्षकाला शिकविणे हे इतरांना शिकविण्याहून निराळे काम आहे. आघाडीच्या खेळाडूला शंभर वेळा प्रयत्न करून पाहायला सांगता येते, कारण सामन्यातही त्याला दहा संधी मिळणार असतात. गोलरक्षकाच्या बाबतीत शरीराच्या सरावाला मर्यादा आहे. पायांची चपळाई, पॅडने चेंडू केवळ न थांबविता बाजूला सारणे, डाव्या हाताचा पंजा आणि उजव्या हातातील काठी यांचा मेळ, हे सारे घोटून घ्यावेच लागते. त्यापलीकडे मात्र त्याला बोलायला शिकवावे लागते. बचावफळीतील खेळाडूंच्या पाठी गोलाकडे असतात आणि सगळे मैदान फक्त गोलरक्षकाला दिसत असते. त्याने ओरडून सांगितले नाही तर त्याचे डोळे संघाच्या कामी येत नाहीत. ७-१ च्या सामन्यात जी उणीव साऱ्या संघाला भोवली, ती नेमकी ही गोलरक्षक आणि त्याच्या पुढची फळी यांमधील तुटलेली दोरी होती. आणि शेवटी त्याला विसरायला शिकवावे लागते. एक गोल झाल्यावर तो मनात घोळवीत उभा राहिलेला गोलरक्षक दुसरा गोल स्वतःच ओढवून घेतो.

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला भारत आणि दक्षिण कोरिया यांचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर आला. गोलात आशिष बल्लाळ उभे होते. भारत ४-२ ने जिंकला. पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले त्या संघाचा कर्णधार होता. शंकर लक्ष्मण यांच्या संघाने याच बँकॉकमध्ये मिळविलेल्या पदकानंतर बत्तीस वर्षांनी भारताला आशियाई सुवर्ण मिळाले, आणि मिळाले ते गोलरक्षकाच्या बळावर. यानंतर संघाचे कौतुक व्हावे ही अपेक्षा. झाले असे की विजयाच्या थोड्याच दिवसांनंतर धनराज, बल्लाळ यांच्यासह सहा खेळाडूंना वगळण्यात आले आणि कौशिक यांचे पदही गेले. नेगी यांची ही इनिंगही तेथेच आटोपली. आपल्याकडे हॉकीत हरल्याची शिक्षा ठरलेली असते. जिंकल्याची शिक्षा मात्र दर वेळी नवी असते.

पुढची हाक आली ती महिला संघाकडून. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेला गेलेल्या या संघाची कर्णधार होती मणिपूरची सूरजलता देवी, मुख्य प्रशिक्षक गुरदयालसिंग भंगू आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक नेगी. संघाकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. झारखंड, मणिपूर, पंजाब, हरियाणा, तमिळनाडू अशा दूरदूरच्या गावांतून आलेल्या, रेल्वेतील साध्या नोकऱ्यांवर घरे चालविणाऱ्या या मुली. गोलात हेलन मेरी. अंतिम सामन्यात यजमान इंग्लंडशी गाठ पडली, जादा वेळ सुरू झाला आणि ममता खरबच्या गोलाने भारताने तो ३-२ असा जिंकला. राष्ट्रकुल स्पर्धेत महिला हॉकीचे सुवर्णपदक भारताला प्रथमच मिळत होते. पुढच्या वर्षी हैदराबादला भरलेल्या आफ्रो-आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा पेनल्टी स्ट्रोकची वेळ आली, तेव्हा हेलन मेरीने दोन स्ट्रोक अडविले. सात यार्डांवरून आलेले दोन चेंडू. ज्याला आपण योगायोग म्हणतो त्याच्यामागे कित्येक पहाटेचा सराव असतो.

आता एका चित्रपटाविषयी. मँचेस्टरच्या विजयाची बातमी वाचून जयदीप साहनी या लेखकाला एक कथा सुचली. त्यांनी कौशिक यांची भेट घेतली, आणि नट्यांना हॉकी शिकविण्यासाठी कौशिक यांनी नेगी यांचे नाव सुचविले. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ प्रदर्शित झाला. पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर गद्दार ठरविला गेलेला खेळाडू महिला संघाचा प्रशिक्षक होऊन परततो, हे पाहताच लोकांनी एकच म्हटले, की हा नेगीच! आपली कथा नेगी यांच्या जीवनावर बेतलेली नाही, असे लेखकाने स्पष्ट केले आहे आणि ते मानले पाहिजे. शिवाय नायकाचे नाव मुसलमानी असल्याने संशयाचा जो काटा त्या चित्रपटात बोचतो तो वेगळाच आहे. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. चित्रपटातील नायक गोलरक्षक नाही. तो आघाडीचा खेळाडू आहे, आणि त्याच्या हातून निसटतो तो पेनल्टी स्ट्रोक. रुपेरी पडद्यालासुद्धा पॅड बांधून उभा राहिलेला नायक पेलला नाही.

तथापि त्या चित्रपटाने एक काम निश्चित केले. पंचवीस वर्षे ज्या माणसाशी कोणी नीट बोलले नव्हते त्याला लोक प्रश्न विचारू लागले. पूर्वी ज्या वृत्तपत्रांत वावड्या छापून आल्या होत्या त्यांच्याच जगात आता मुलाखती छापून येऊ लागल्या. नेगी यांनी आत्मकथनही लिहिले. त्यांच्यावरील आरोप कोणत्याही चौकशीने पुसले, असे नव्हे. चौकशी झालीच नाही, तर पुसणार काय? एका काल्पनिक माणसाला न्याय मिळालेला पाहून लोकांना खऱ्या माणसाची दया आली. आपल्या समाजाचा न्याय पुष्कळदा असा आडमार्गाने येतो, आणि आला की आपण टाळ्या वाजवतो. पंचवीस वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही.

अलीकडे गोलरक्षकाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलली आहे, हे मान्य केले पाहिजे. केरळचे पी. आर. श्रीजेश यांनी २०२१ मध्ये टोकिओला जर्मनीविरुद्ध शेवटच्या क्षणांतील पेनल्टी कॉर्नर अडविला आणि ५-४ अशा विजयाने भारताला एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळाले. त्या सामन्यात आपले ललित उपाध्यायही होते. विजयानंतर श्रीजेश गोलाच्या चौकटीवर जाऊन बसले आणि तेच छायाचित्र सर्वत्र झळकले. गोल करणाऱ्यांपेक्षा गोल अडविणाऱ्याचे छायाचित्र मोठे, हे भारतीय हॉकीत पूर्वी क्वचितच घडले असेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्यांनी निवृत्ती स्वीकारली आणि लगेच कनिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. गोलरक्षक केवळ गोलरक्षकांचाच गुरू होऊ शकतो असे नाही, साऱ्या मैदानावर त्याची नजर असते, हे आता संघटनांनाही पटलेले दिसते. नेगी यांना जी वाट सोळा वर्षांनी, तीही अर्धीच, मिळाली, ती श्रीजेश यांना एका आठवड्यात मिळाली. यात श्रीजेश यांचे कर्तृत्व आहेच. पण ज्यांनी त्या वाटेवर आधी ठेचा खाल्ल्या त्यांचाही वाटा आहे.

चित्रपटात नसलेला एक सामना मात्र सांगायचा राहिला आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये महिलांची आशिया चषक स्पर्धा भरली. भारतीय संघाचे साहाय्यक प्रशिक्षक होते मीर रंजन नेगी आणि स्पर्धेचे ठिकाण होते दिल्ली. ज्या शहरात त्यांनी एका संध्याकाळी सात वेळा चेंडू जाळ्यातून उचलून दिला होता, तेथेच ते आता रेषेच्या बाहेर, प्रशिक्षकांच्या बाकावर बसले होते. भारतीय मुलींनी अंतिम फेरी गाठली आणि समोर जपान आला. त्या दिवशी ना रंगीत दूरचित्रवाणीचे अप्रूप होते, ना स्टेडियमबाहेर मावणार नाही एवढी गर्दी. सामना संपल्याची शिट्टी झाली. भारताच्या नावापुढे फलकावर एक होता आणि जपानच्या नावापुढे शून्य.